चालवून दाखव

"चालवून दाखव, मग बोल." आमचे सर एवढंच म्हणायचे आणि हात पाठीमागे बांधून यंत्राकडे बघत उभे राहायचे. बुऱ्हाणपूरच्या आमच्या कॉलेजात एम.टेक.ची पोरं चकचकीत स्लाइडी घेऊन यायची. सर पडद्याकडे सरळ पाठ फिरवायचे. मी तिथं प्रयोगशाळा सांभाळायचो, त्यामुळे ही मजा मला रोज फुकटात. यंत्र धडधडलं की सरांचा चेहरा उजळायचा. "हां, अब बोल बेटा." मार्क द्यायला हात सैल.

बहादरपूरची एक पोरगी होती, केळीवाल्यांच्या घरची. केळीच्या खोडातून धागा काढायचं यंत्र तिनं बनवलं होतं. नोकरी ठरलेली, तोंडी परीक्षा पास होणं तेवढं बाकी. बाहेरचे परीक्षक येणार म्हटल्यावर सरांना काय बुद्धी झाली, देव जाणे. पाहुण्यांसमोर चिकाचा राडा नको, आदल्या दिवशीच खोड सोलून पट्ट्या धुऊन-पुसून आण, असं त्यांनी तिला सांगितलं. पट्ट्या सुकतील, असं ती एकदाच म्हणाली. ओल्या पोत्यात ठेव, म्हणाले. सरांचा शब्द ती कशी मोडणार?

पोतंही सुकलं, पट्ट्याही. परीक्षक म्हणाले, चालवून दाखवा. यंत्र चाललं, पण धागा येईना, नुसता भुसा. सर अर्धवट उठले.

"सर, आपण गाइड आहात. आपल्याला बोलता येणार नाही," परीक्षक शांतपणे म्हणाले.

नियमच तसा. सर खाली बसले. माझा जीव तुटत होता, पण मी कोण बोलणारा?

दुपारी सर स्वतः जाऊन ताजं खोड घेऊन आले. धागा असा सरसर आला, की बघत राहावं. बघायला आम्ही तिघंच. परीक्षक गेले होते, नापासाचे मार्क कॉम्प्युटरवर चढले होते, ते आता कुणाच्या बापाला बदलता येणार नव्हते. पोरीनं यंत्र पुसून ठेवलं. ती गेल्यावर सर मला म्हणाले, "तिला ठाऊक होतं रे. मीच ऐकलं नाही."

उन्हाळ्यात सर रिटायर होऊन गेले. पुढच्या परीक्षेत पोरगी चिकानं माखलेल्या हातांनीच पास झाली. नोकरी तोवर दुसऱ्या कुणाला गेली होती. पहिला धागा निघाला तेव्हा तिनं वळून सरांच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर माझी डब्याची पिशवी होती. मी ती पटकन उचलली, पण बसायला कोण होतं?