सरबताच्या बाटल्या

त्या चार मजली इमारतीत त्यांना नावाने कुणीच हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्यांना टाकूनका मावशी म्हणत. कुणी केराची बादली घेऊन जिना उतरताना दिसलं की वरून आवाज यायचा, "थांबा गं, टाकू नका ते!" आणि बादलीतला निम्मा केर मुकाट्याने परत घरात जायचा.

पिळलेल्या लिंबाच्या सालीला मीठ लावून नळ घासायचे, उरलेला चहाचा चोथा धुऊन गुलाबाला घालायचा, साबणाचे झिजलेले तुकडे जुन्या मोज्यात भरून त्यानेच फरशी धुवायची. एका हॉटेलच्या लाँड्रीत त्यांनी तीस वर्षं चादरी दुरुस्त केल्या होत्या. मधोमध विरलेली चादर उभी फाडून तिच्या धडक्या कडा मध्ये जोडल्या की पुढची चार वर्षं बघायला नको, हे त्यांनी निम्म्या इमारतीला हाताला धरून शिकवलं. बायका पाठीमागे हसायच्या, पण घरी जाऊन करायच्या तसंच.

त्यांची आणखी एक युक्ती होती. मोरी घासायचं ॲसिड मोठ्या कॅनमधून आणायचं, सगळ्यांनी वाटून घ्यायचं आणि सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायचं. बाटलीचं तोंड अरुंद, धार बारीक पडते, अर्ध्यात काम भागतं.

नऊ वर्षांपूर्वी काका, म्हणजे मावशींचे यजमान, भर उन्हातून घरी आले. बाटली ओट्याखाली असायची, त्या दिवशी ती ओट्यावर राहिली होती. त्यांनी ती तोंडाला लावली. जीव वाचला, पण अन्ननलिका आकसली आणि आवाज फाटला. तेव्हापासून ते पातळ केलेलं तेवढंच गिळू शकतात. दवाखान्यात शेजारच्या बायका भेटायला आल्या, तेव्हा मावशींच्या तोंडून निघून गेलं, "घशाचं दुखणं आहे." पुढे काकांना बोलता येऊ लागलं. ते एवढंच म्हणाले, "तेच राहू दे." तेच राहिलं. मावशींनी आपल्या घरातल्या बाटल्या फोडून टाकल्या आणि तो विषय कायमचा मिटला, असं त्यांना वाटलं. माणूस स्वतःची समजूत किती चटकन घालतो!

परवा दुपारी त्या दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेकडे पुदिन्याची काडी द्यायला गेल्या. तिची दोन वर्षांची लेक जमिनीवर बसून एक बाटली गडगडवत होती. आत पिवळसर पाणी हिंदकळत होतं. मावशींनी झडप घालून बाटली उचलली.

"काय आहे यात?"

"ॲसिड. अगं बाई, हिने कुठून काढली?" शिक्षिका धावत आली. मग जरा हसून म्हणाली, "तुमचीच युक्ती ना मावशी! सासूबाईंनी मला शिकवली, त्यांना तुम्ही."

मावशी तशाच घरी आल्या. काका खिडकीशी बसून सूप पीत होते, एकेक चमचा, मध्ये थांबत.

"अहो, मी सगळ्यांना सांगणार आहे."

काकांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी चमचा खाली ठेवला. "लोक तुला नावं ठेवतील. आयुष्यभर हेच धरून बसतील. मी झाकलं ते तुझ्यासाठी गं."

"ठाऊक आहे. पण ती बाटली अजून घराघरांत आहे. तुमचं हे झालं ते माझ्या हातून चुकून झालं. आता कुणाच्या पोराला काही झालं, तर त्याला चूक म्हणता येणार नाही."

काकांनी उठून चपला घातल्या.

शिक्षिकेच्या दारात मावशींच्या तोंडून शब्दच फुटेना, तेव्हा काकांनीच आपल्या फाटक्या आवाजात सांगितलं. तिने लेकीला उचलून छातीशी धरलं आणि बाटली तिथल्या तिथे मोरीत रिकामी केली. पुढच्या दोन घरांत मावशी स्वतः बोलल्या. तळमजल्यावर त्यांची जुनी मैत्रीण राहायची, बरोबरीची, अगदी अगंतुगंतली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"नऊ वर्षं गप्प बसलीस? माझी नात याच घरात रांगायला लागली. तू तिला मांडीवर घेऊन खेळवलंस."

"लाज वाटली गं," मावशी म्हणाल्या. "दुसरं काही कारण नाही."

मैत्रीण आत गेली. भरलेली बाटली आणून तिने मावशींच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. बाटली दोन्ही हातांनी नीट धरून मावशी शेजारच्या दाराशी गेल्या, आणि काकांनी बेल वाजवली.