डोळ्यांखालची जागा

मेकनेस शहरातल्या आमच्या हमामात, म्हणजे वाफेच्या सार्वजनिक न्हाणीघरात, मी दाराशी बसते, आंघोळीला आलेल्या बायकांच्या कपड्यांची गाठोडी सांभाळते. आत अंग घासायला मन्नाना. तीस वर्षं झाली तिला. हातात केसा, म्हणजे तो खरखरीत हातमोजा, चढवला की तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. काळा साबण लावायची, बाईला गरम दगडावर आडवी करायची आणि अशी घासायची की मळाच्या वळकट्या सुटून पडायच्या. त्या त्याच बाईला दाखवून म्हणायची, एवढं ओझं घेऊन फिरत होतीस होय! बायका लाजायच्या आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिच्याचकडे यायच्या. मन्नाना विधवा, मूलबाळ नाही, स्वभाव तिरसट. लोक तिला मान देत तो तिच्या हाताला, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

उलाया आमच्याच गल्लीतली, बतूलची मुलगी. दिवसभर मान खाली घालून दुसऱ्यांच्या लग्नाच्या कपड्यांवर भरतकाम करायची. तिच्या स्वतःच्या साखरपुड्यात नवऱ्यामुलाच्या आत्याने सगळ्यांदेखत विचारलं, पोरीच्या डोळ्यांखाली एवढं काळं कसं, रक्ताचं काही दुखणं तर नाही ना? बतूलने हसून पुदिन्याचा चहा पुढे केला. पण चार दिवसांत निरोप आला की मुलाची आई तूरिया, मानाने लल्ला तूरिया, तीन आठवड्यांनी गुरुवारी आमच्या हमामात आंघोळीला येणार आहे.

याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही कळतो: होणारी सून आंघोळीत पारखायची. साखरपुडा पावडर फासून निभावता येतो, हमामात पावडर टिकत नाही. लल्ला तूरियाला दुखण्याचा संशय आला असता तर सोयरीक मोडली असती, आणि मोडण्याचं कारण उलाया घरी पोचण्याआधी गल्लीभर फिरलं असतं.

बतूल रडत मन्नानाकडे आली. मन्नानाने उलायाची हनुवटी वर केली, अंगठ्याने डोळ्याखाली दाबून पाहिलं आणि सांगितलं, "मुरलेला मळ आहे. चार आंघोळींत काढते."

पहिल्या आंघोळीनंतर ती जागा लाल झाली. बायका म्हणाल्या, बघा, उजळली. दुसरीनंतर आग होऊ लागली. तिसरीनंतर उलाया माझ्याकडे गाठोडं मागायला आली, तेव्हा दारातल्या उजेडात मी तिचं तोंड पाहिलं. आधी नुसती सावली होती, आता खजुराच्या सालीचा रंग आला होता. काळजीने रात्र रात्र झोप नव्हती तिला, वर खाज सुटते म्हणून चोळत होती ते वेगळंच.

बतूलला न विचारताच मी पोरीला कोपऱ्यावरच्या औषधवालीकडे नेलं. ती बाई आम्हा दोघींवर उखडली. तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, तिला कुणी घासतं का? घासाल तितकी काळवंडेल. हात लावू नका, थंड गुलाबपाण्याची घडी ठेवा, सुरमा निजण्यापूर्वी तेलाच्या बोटाने हलकेच पुसा, उन्हात डोकं झाका आणि मुख्य म्हणजे झोपा. तरी थोडं राहील, आईच्या डोळ्यांखाली बघा, तिथूनच आलंय, असंही तिने सांगितलं.

मी तडक मन्नानाला गाठलं. "पोरीचं तोंड सोड आता. कोळसा उगाळावा तितका काळाच, तसं चाललंय तुझं."

"तू गाठोडी सांभाळ. माझ्या हाताखालून आजवर कुणी काळी होऊन गेलेली नाही."

"मग घास ना स्वतःच्या डोळ्याखाली."

हे मी रागाने बोलले. पण ती मन्नाना. दुसऱ्या दिवसापासून बायका यायच्या आधी ती मधल्या खोलीत बसून डाव्या डोळ्याखाली केसा फिरवू लागली, मला मूर्ख ठरवायला. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी ओढणी कपाळावरून खाली ओढून माझ्यासमोरून गेली. माझ्या जिभेला हाड नाही, तरी त्या दिवशी मी गाठोडीच मोजत बसले.

गुरुवार उजाडला. लल्ला तूरिया नणंदेला घेऊन आली. गाठोडी तशीच टाकून मीही आत गेले. नोकरी गेली तरी चालेल, असं वाटलं. घड्यांनी उलायाची लाली गेली होती, काळं मात्र होतंच. पोर वाफेत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आत्या मोठ्याने म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, वहिनी?"

लल्ला तूरियाने पोरीचं तोंड उजेडाकडे वळवलं. मग विचारलं, "बतूल, हिचं रक्त तपासलंय का?"

अर्ध्या गल्लीच्या बायका हातातली भांडी थांबवून ऐकत होत्या.

मन्नाना पुढे येऊन बसली आणि तिने ओढणी काढली.

"लल्ला, आधी माझ्याकडे बघा. हा उजवा डोळा, हा डावा. डाव्याला मी आठ दिवस केसा लावला. या पोरीला तीन आंघोळी लावला. तिला दुखणं नाही. थोडं काळं आईकडून आलंय, बाकीचं माझ्या हाताने केलंय."

उजवीकडे म्हातारपणाची साधी कातडी होती, डावीकडे तपकिरी पट्टा. लल्ला तूरियाने दोन्ही नीट पाहिले. मग नणंदेला गप्प बसवलं आणि लग्नाची तारीख तीच राहील असं बतूलला सांगितलं. मी मनात हजारदा अल्लाचे आभार मानले.

आणि मग लल्ला तूरिया उठली, मन्नानाच्या दगडाला वळसा घालून पलीकडे नव्यानेच लागलेल्या तरुण घासणारीकडे गेली आणि तिच्यापुढे आडवी झाली. एकेक करून बाकीच्याही तिकडेच सरकल्या. ज्यांची पाठ मन्नानाने वीस-वीस वर्षं घासली, त्यासुद्धा. मला त्यांचा इतका राग आला की बाहेर येऊन एकीचं गाठोडं मी मुद्दाम ओल्या फरशीवर ठेवलं.

लग्नाआधीच्या नवरीच्या आंघोळीलाही बतूलने त्या तरुणीलाच सांगून ठेवलं होतं. सगळ्याजणी मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत आत आल्या. उलाया दगडापाशी आली आणि बसेचना.

"मला मन्नाना मावशी हवी."

"अगं, लोक काय म्हणतील?" बतूल कुजबुजली.

"मग मी पारोशीच जाते नवऱ्याच्या घरी."

मन्नानाला कोपऱ्यातून उठवून मीच पुढे ढकललं. तिने काळा साबण लावला, पाठ घासली, हात घासले, पाय घासले, पूर्वीसारखेच. मानेपर्यंत आली आणि थांबली. केसा काढून बाजूला ठेवला. कोमट पाणी ओंजळीत घेतलं.

"डोळे मीट, पोरी."

उलायाने डोळे मिटले. मन्नानाने ओले तळवे तिच्या डोळ्यांखाली नुसते टेकवले, जराही न हलवता. नवऱ्याच्या मयतीला न रडलेली ती बाई तशीच, हात टेकवलेले ठेवून, रडत होती. मग पुटपुटली, झालं, ऊठ आता.

उलाया उठली नाही. डोळे मिटून तशीच बसून राहिली.