गोविंदच्या कमरेचा दोरा

भुताखेतांचं, करणीचं कुणी बोलायला लागलं की पहिली हसणार ती मी. सोळा वर्षं घोडेगावात प्रॅक्टिस करतेय. अंगात आलेल्या बायका सलाइन लावून घरी पाठवल्या आहेत. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय... पण डॉक्टर मित्रांना सांगून झालं, आता तुम्हाला सांगते.

दोन वर्षांपूर्वीचा भाद्रपद. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला भातशेती करणारा गोविंद, वय अडतीस. त्याची बायको हिराबाई त्याला जीपमधून घेऊन आली. सहा दिवस ताप, डोकं ठणकतंय, डोळे लालभडक. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड नाही — रिपोर्ट सगळे स्वच्छ आणि माणूस मात्र खचत चाललेला. मी ॲडमिट करून घेतलं.

तपासताना कमरेला जाड काळा दोरा दिसला. डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ. मी हात लावणार तेवढ्यात हिराबाईनं माझं मनगट धरलं. तापाच्या तिसऱ्या दिवशी गावच्या भगतानं बांधलाय, त्याला हात नको, म्हणाली. असे दोरे आमच्याकडे रोज दिसतात, लोकांना दुखवायचं नाही म्हणून आम्ही ते सोडून बाकीचं तपासतो. मीही तेच केलं, आणि तिथेच चुकले.

दोन दिवसांनी भरदुपारी गोविंदचा श्वास वाढला. तो असंबद्ध बडबडायला लागला. पुण्याला हलवायचं ठरलं, मंचरहून ॲम्ब्युलन्स निघालीही. तोवर पुन्हा एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघू म्हणून मी त्याचा शर्ट वर केला, तर परत तो दोरा. माझं टाळकंच सरकलं. ड्रेसिंगची कात्री उचलली, तशी हिराबाई मधे आली. आवाज अजिबात न चढवता म्हणाली,

"मॅडम, तुमी नका कापू. कात्री माझ्याकडं द्या."

का, म्हणून मी विचारलं.

"भगत म्हनला, आजार गाठीत धरून ठिवलाय. जो कापंल त्याच्याकडं जाईल. माझा मानूस हाय, मी घेते."

यावर मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "येऊ दे माझ्याकडे. माझ्याकडे औषधं आहेत." आणि कापला.

गाठीच्या बरोबर खाली एक काळी खपली होती. शर्टाच्या बटणाएवढी, कडेनं लाल, सिगारेटचा चटका दिल्यासारखी. स्क्रब टायफस! गवतातला बारीकसा किडा चावतो, तिथं अशी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही आणि डॉक्टरला सापडत नाही. औषध अगदी साधं, डॉक्सीसायक्लिन. पहिला डोस मी तिथेच दिला. दोन दिवसांत ताप उतरला, पुढच्या आठवड्यात गोविंद पुण्याहून स्वतःच्या पायांनी घरी आला.

इथवर सगळं पुस्तकातलं. भगतानं खपली बघूनच तिच्यावर गाठ बांधली असणार, एवढं मलाही कळतं.

दोरा कापल्यानंतर आठव्या दिवशी आंघोळ करताना माझ्या कमरेला, डाव्या बाजूला, हाताला खडबडीत लागलं. आरशात पाहिलं. तीच खपली. तीच जागा.

हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. मी त्या पावसाळ्यात धरणाच्या वर गेलेच नव्हते. तरी डॉक्सीसायक्लिन घेतलं. ताप एकदाही आला नाही, रक्ताची तपासणी निगेटिव्ह. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञानं तुकडा काढून तपासला, त्यातही काही निघालं नाही. तीन आठवड्यांनी खपली गळून पडली. मी हसले आणि विसरले.

पुढच्या भाद्रपदात ती परत आली. जुन्या डागाच्या शेजारी, एक बोट पुढे. यंदा आणखी एक बोट. पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या, पुन्हा काही नाही. तीन डाग एका रेषेत आहेत, बरोबर दोरा बांधतात त्या रेषेत, आणि बेंबीकडे सरकताहेत. मला भीती वाटते. हे वाक्य मी नवऱ्यापुढेही पहिल्यांदा याच महिन्यात बोलले.

गेल्या आठवड्यात हिराबाई नव्या तांदळाची पिशवी घेऊन आली. मी काही बोलले नव्हते, पण खुर्चीतून उठताना माझा हात कमरेवर गेला आणि तिनं तो पाहिला. मग म्हणाली, "मला कापू द्यायचं व्हतं, मॅडम." मी तिला तिन्ही डाग दाखवले, दरवर्षी पुढं सरकतात तेही सांगितलं. पिशवीतून तिनं काळा दोरा काढून टेबलावर ठेवला. भगताला मी इथं घेऊन येते, तो बांधून देईल, मग पुढं सरकायचं न्हाई, म्हणाली. आणि कापायचा कधी? तर तीन डाग बुजले की. तसाच ठेवला तर गाठीतलं परत अंगात उतरतं.

मी विचारलं, कापणार कोण?

ती म्हणाली, "मी येते की."

तिला तीन लेकरं आहेत. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो माणूस — देवळातही न जाणारा — एका दमात म्हणाला, दोरा बांध, मी कापतो.

म्हणूनच दोरा अजून टेबलाच्या खणात आहे. हे काय आहे ते मला आजही माहीत नाही. पुढचा भाद्रपद यायला अजून वेळ आहे, आणि रोज आंघोळीच्या वेळी मी चौथ्या जागेवर बोट फिरवून बघते.