दहा मिनिटं पुढचं घड्याळ

पनवेलात सूर्य केव्हाही उगवो, दिवस सुरू व्हायचा तो आमच्या शाळेच्या थोरल्या शिपायांनी घंटा दिल्यावरच, असं निदान त्यांचं स्वतःचं ठाम मत होतं. नव्वद सालच्या आसपास मी तिथे शिपाई म्हणून लागले, शाळेतली पहिलीच बाई शिपाई. नवरा गेलेला, पदरात दोन मुली, आणि वर्षभर काम पाहून मगच कायम करणार असं बजावलेलं. मुख्याध्यापकांच्या चपला नुसत्या वाजल्या तरी मी हातातलं काम टाकून उभी राहायचे.

थोरल्यांना मी काका म्हणायचे. घंटेचा हातोडा ते फडक्यात गुंडाळून कुलपात ठेवत. एकदा संस्थेच्या अध्यक्षांनी हौसेने तो मागितला, तर म्हणाले, "साहेब, तुमी झेंडा फडकवा. घंटा माझी हाय." सुट्टीची नोटीस वर्गावर नेताना ते चेहरा इतका सुतकी करत, की पोरं लगेच ओळखून बाकं बडवायला लागत. व्हरांड्यातलं मोठं घड्याळ त्यांनी मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलं होतं आणि घंटा मात्र ते स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाने देत. पहिल्याच दिवशी मला कानात सांगितलं, "बाय, ते घड्याल मास्तरांसाठी हाय, आपल्यासाठी नाय." तीस वर्षांत घंटा एक मिनिटही चुकली नाही, हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवत. मी कंटाळून हो हो म्हणे.

सहामाहीचा गणिताचा पेपर होता. वरच्या मजल्यावर पुरवण्या संपल्या म्हणून काकांना गठ्ठा घेऊन पळावं लागलं. जाताना त्यांनी पहिल्यांदाच हातोडा माझ्या हातात दिला. "मी नाय आलो तर टायमाला दे." चुकू नये, चुकू नये म्हणत मी व्हरांड्यातल्या घड्याळाकडे डोळे लावून बसले, काटा बरोबर पोचला आणि लांब घंटा दिली.

वर्गावर्गातून ओरडा उठला. वर्गावरच्या बाईंनी पेपर ओढून घेतले, दहावीची एक मुलगी रडतच बाहेर आली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी पाहिलं ते घड्याळ दहा मिनिटं पुढचं. समोरून मुख्याध्यापक येत होते. जिन्यावरून काकाही धावत उतरले. त्यांनी माझ्या हातातून हातोडा काढून घेतला.

"घंटा कोणी दिली?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"मी, सर. डोल्यांना नीट दिसला नाय."

मी तोंड उघडलं होतं. घरच्या दोघी मुली डोळ्यांपुढे आल्या, आणि मी ते मिटलं.

पेपर परत वाटून मुलांना दहा मिनिटं मिळाली. मुख्याध्यापक काकांना फारसं काही बोलले नाहीत. "तुमचं आता वय झालं," एवढंच म्हणाले आणि उद्यापासून घंटा मी द्यावी असं सांगून गेले.

जूनमध्ये मी कायम झाले. काका निवृत्त होईपर्यंत रोज घंटेच्या वेळी पाण्याच्या टाकीपाशी पाठमोरे उभे राहत, आणि मी घंटा दिली की आपलं मनगट बघत. एकदा मीच रडत म्हटलं, काका, मी सरांना खरं सांगते. ते म्हणाले, "नको. माझी घंटा तर गेलीच, मग तुझी भाकरी पण जायची." मी ऐकलं. ऐकायला नको होतं, असं अजून वाटतं.