पाठ नसलेलं टेबल

आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला एक तोंड होतं आणि एक पाठ होती. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांकडे असंच असतं. कपाट समोरून राजवाड्यातलं वाटायचं आणि मागे डोकावलं तर कच्चा प्लायवूड, वाकवलेले खिळे, पेन्सिलीने लिहिलेली मापं. त्या कच्च्या बाजूला बाबा ‘पाठ’ म्हणत आणि ती कायम भिंतीकडे असे. बाबा सुतार, पण घरांचे नव्हेत. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत सिनेमाचे सेट उभे करणारे. कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच रंधायचं, तेवढंच पॉलिश करायचं, अशी त्या धंद्याची रीत. सेट मोडला की उरलंसुरलं कामगारांनी नेलं तर कोणी विचारत नसे. त्यातलंच एखादं स्टूल नाहीतर फळी आमच्या घाटकोपरच्या दीड खोलीत यायची. प्रत्येक वस्तूच्या पोटाला, म्हणजे खालच्या अंगाला, बाबांची खूण असायची, दोन आडव्या रेघा आणि खाली एक टिंब.

आईच्या खाटेशेजारी मात्र तेलाचा उलटा डबा होता. त्यावर तिचा तांब्या, घड्याळ आणि बामाची बाटली. “लोकांच्या हिरोइनींका राजवाडे, आणि माका डबो,” असं ती मालवणीत सुनवायची. बाबा मालवणी फक्त तिच्याशी बोलत, आम्हा मुलांशी मुंबईची मराठी. “करतंय गो, करतंय,” म्हणत आणि कामाला निघून जात.

आई गेल्यावर वर्षभराने बाबा कांदिवलीला माझ्याकडे आले. खरं म्हणजे मी त्यांना आणलं. ते एक बॅग घेऊन आले आणि ती बॅग त्यांनी उघडी ठेवली, पण रिकामी केली नाही. “पुढच्या आठवड्यात जाईन परत,” हे दर आठवड्याला. पाण्याची बाटली, डोळ्यांचे थेंब, चष्मा, रेडिओ, सगळं खुर्चीशेजारी जमिनीवर, रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये बसल्यासारखं. एकदा थेंबाची बाटली उचलायला वाकले आणि पुढेच कलंडले. लागलं नाही, पण माझी वाटच लागली. मी जाहीर केलं, की खुर्चीशेजारी साइड टेबल येणार आणि ते बाबाच निवडणार. मनातला हिशेब साधा होता. या घरातली एक तरी वस्तू त्यांनी स्वतः निवडली, तर ती बॅग रिकामी होईल आणि ते राहतील. मला ते राहायला हवे होते.

सुरुवात मालाडच्या एका चकचकीत दुकानातून केली. तिथलं टेबल पांढरंशुभ्र, सोफ्याखाली पाय सरकवता येणारं. मला आवडलं होतं. बाबांनी बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं आणि कान लावला.

“भुसा आहे गं. दाबलेला भुसा. पाणी सांडलं की फुगेल.”

“वॉटर रेझिस्टंट आहे काका,” विक्रेती म्हणाली.

“मी पण आहे. म्हणून काय रोज भिजत बसू?”

मग मुलुंडला गेलो. तिथलं एक वयस्कर जोडपं इमारत पाडायच्या आधी सामान विकत होतं. टेबल त्यांच्या लग्नातलं, वर हिरवा सनमायका, खाली निमुळते, बाहेर फाकलेले तीन पाय. याला हल्ली व्हिंटेज म्हणतात, ही माहिती मी बाबांना दिली. त्यांनी पायांवरून हात फिरवला आणि पहिल्यांदाच मान डोलावली. मी पर्स उघडायला घेतली, तर म्हणाले, “काम झकास आहे. पण म्हातारा माणूस टेबलाला टेकून उठतो. तीन पायांचं टेबल त्याच्यासकट आडवं होतं.” त्या बाईंनी मला हळूच सांगितलं, की त्यांचे यजमान त्याच्यासकट दोनदा आडवे झालेत.

खरं सांगायचं तर एव्हाना मला टेबलापेक्षा बाबांच्या बघण्याचीच जास्त उत्सुकता लागली होती. जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात आम्ही लागोपाठ तीन रविवार गेलो. मी विचारत सुटायचे आणि ते सांगत सुटायचे. जुनं टेबल वरून बघायचंच नाही, उलटं करायचं. गोल टेबलाला दोरी लावून आडवं-उभं मोज. खरंच जुनं असेल तर एका बाजूने किंचित आखडलेलं असतं, कारण लाकूड आडवं आखडतं, उभं नाही. ड्रॉवर बाहेर काढ आणि कोपरे बघ. हातात हात गुंतवावेत तसे सांधे आणि त्यातला एकही दुसऱ्यासारखा नसला, तर ते हाताचं काम. ड्रॉवरचा वास घे. मी भर बाजारात ड्रॉवरमध्ये नाक खुपसून उभी राहिले. कापूर, झुरळं आणि जुनी पुस्तकं, असा काहीसा वास होता.

खोटं अँटिक तर बाबा दुरून ओळखत. “ही वाळवी नाही, खिळ्याने टोचलंय,” ते दुकानदारासमोर खणखणीत आवाजात सांगत. “हा काळेपणा चहाच्या पाण्याचा. हे व्रण सायकलच्या चेनचे.” मी विचारलं, एवढं कसं कळतं? “मीच करायचो ना सेटवर. एका दिवसात शंभर वर्षं.” हे बोलताना ते हसले नाहीत. थोडं पुढे जाऊन म्हणाले, “आयुष्यभर खोटंच केलं गं मी.” मला वाईट वाटलं.

तिसऱ्या रविवारी एका गाळ्याच्या कोपऱ्यात मला ते दिसलं. गुडघ्याएवढं, चौकोनी, चार सरळ पाय, एक छोटा ड्रॉवर, कडेला वेलीची बारीक नक्षी. मी शिकलेलं लावून बघितलं. ड्रॉवर काढला, सांधे हाताचे. मागून बघितलं, तिथेही तीच नक्षी, तेच लाखेचं पॉलिश. म्हणजे सेटचं नक्कीच नाही. मी इतकी खूश झाले, की उलटं करायच्या आधीच बाबांना हाक मारली.

“सौ साल पुराना है अंकल,” दुकानदार म्हणाला. “गोवा का, पुर्तगाली बंगले का.”

आता बाबा याला सोलून काढणार म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी टेबल उलटं केलं, चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “असेल.”

मी वाकले. पोटाला दोन आडव्या रेघा होत्या आणि खाली टिंब.

“बाबा, हे तुम्ही केलंय?”

“हळू बोल. हवेलीचा सेट होता. तू शाळेत होतीस.”

“सेटचं? मग मागची बाजू कशी काय पॉलिश केलीत?”

ते टेबलाकडेच बघत बोलले. “तुझ्या आईसाठी होतं. जेवणाच्या सुट्टीत बसून पाठ केली त्याची. सेट मोडला की घरी आणणार होतो. त्या दिवशी मला ताप होता, गेलो नाही. भंगारवाल्याने सगळा माल उचलला.”

“आईला सांगितलं होतंत?”

“नाही. म्हटलं, दुसरं करू.” त्यांनी टेबल पुन्हा सरळ केलं. “लाकूड मिळालं असतं. वेळही मिळाला असता. मीच केलं नाही.”

मला तिथेच, त्या धुळीत, रडू आलं. तो उलटा डबा आईच्या शेवटच्या दिवसापर्यंत तिथेच होता. बाबांचा राग आला, मायाही आली, आणि दोन्ही एकदमच. मी डोळे पुसून दुकानदाराशी भावावरून हुज्जत घालायला लागले, तर बाबांनी माझा हात धरला. “सांगतोय ते दे. घासाघीस नको करू.”

रिक्षात टेबल त्यांच्या मांडीवर होतं. कांदिवली येईपर्यंत ते एका अंगठ्याने एकच सांधा चाचपत होते. तीसेक वर्षांत तो केसभरही सुटला नव्हता.

घरी आल्यावर मी ते ओल्या फडक्याने पुसलं आणि खुर्चीशेजारी नेलं. बाबा खोलीत गेले आणि बॅग घेऊन आले. तिच्या तळातून त्यांनी आईचं घड्याळ काढलं, बंद पडलेलं. ते बॅगेत आहे हे मला माहीतच नव्हतं. मग कपडे काढून कपाटात ठेवले, जमिनीवरचे थेंब, चष्म्याची डबी, रेडिओ उचलून खुर्चीत ठेवले, आणि बॅग घडी करून माझ्या हातात दिली.

मी सवयीने टेबल फिरवायला लागले. “बाबा, भिंतीकडे कुठली बाजू करू?”

आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून मालवणी ऐकली नव्हती.

“कसांय ठेव गो,” ते म्हणाले. “हेका पाठ नाय.”