विजयकर मॅडमची विरुद्ध बाजू

कोणी एखाद्या फलंदाजाचं कौतुक केलं, की विजयकर मॅडम लगेच त्याच्या विरुद्ध बोलायला लागायच्या. परळच्या ज्या रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून पहिली नोकरी केली, तिथे त्या आमच्या विभागाच्या प्रमुख होत्या. गिरगावातलं जुनं पाठारे प्रभू घराणं, कडक इस्त्रीची सुती साडी, पांढऱ्या कोटाच्या खिशात गुडघ्याचा कोन मोजायची पट्टी. पहिल्या दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं नाही. "बॅट्समन जुने बरे की आताचे?" असं विचारलं. मी घाबरून म्हणाले, "जुने." "मला पटत नाही," असं म्हणून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. पहिल्याच प्रश्नाला आपण नापास झालो, असं वाटून मी दिवसभर खाली मान घालून काम केलं.

ती त्यांची कामाची रीत होती, हे हळूहळू कळलं. लालबागचे सावंत काका गुडघा बदलून आमच्याकडे यायचे. पाय वाकवायची वेळ आली की दोन्ही हातांनी खाट घट्ट धरायचे. मॅडम पाय हातात घेऊन सहज म्हणायच्या, "काका, तुमचा तो जुना ओपनर आज टीममध्ये पण आला नसता." नावं मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर वाचक आपसात भांडतील आणि मॅडम बाजूलाच राहतील.

काका उसळायचे. "काय बोलता मॅडम? हेल्मेट नव्हता तेव्हा! बॉल छातीवर घ्यायचा माणूस!"

"छातीवर घ्यायचा, पण पळायचा कुठे? दोनाची एक करायचा. आताचा मुलगा तिथे तीन काढतो."

"पळून काय उपयोग? दिवसभर उभा राहून दाखवा म्हणावं! आणि प्रेशर कसला ह्यांना? एसीत बसतात!"

"रात्री आउट झाला की सकाळपर्यंत अख्खा देश मोबाइलवर शिव्या घालतो. तुमच्या ओपनरला सहन झालं असतं?"

काकांचे हात एव्हाना खाट सोडून हवेत फिरत असायचे आणि पाय कालच्यापेक्षा जास्त वाकलेला असायचा. मॅडम पट्टी लावून आकडा सांगायच्या. काका म्हणायचे, "ते राहू दे, आधी माझं उत्तर द्या." त्यांच्या पलीकडच्या खाटेवर कोणी तरुण असला, की दोन मिनिटांत मॅडम तिथे जुन्यांची बाजू घेऊन उभ्या असत. "भांडणारा माणूस पाय आखडून धरायला विसरतो," हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी विचारलं, "पण तुम्हाला स्वतःला कोण मोठा वाटतो?" त्या म्हणाल्या, "तुला कशाला हवंय? तुझा गुडघा बरा आहे."

ओंकार त्याच सुमारास यायचा. वीस वर्षांचा, तोही लालबागचाच, सलामीला खेळणारा. उजव्या गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया होऊन सहा महिने झाले होते. रविवारी निवडीचा सामना होता. मैदानात उतरायचं की नाही, हे सर्जननी मॅडमवर सोडलं होतं. मॅडमनी त्याला एका पायावर उड्या मारायला लावल्या. डावा पाय लांब पडत होता, उजवा जमिनीवर टेकताना आत झुकत होता.

"अजून चार महिने," मॅडम म्हणाल्या.

ओंकार हसला. "मॅडम, मला माहितीये तुमचं. तुम्ही काकांना पण असंच चिडवता."

"मी चिडवत नाहीये."

"मग सांगा, जुने प्लेअर असे घरी बसले असते का? पायाला पट्टी बांधून खेळायचे ते."

मॅडम स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "ते खेळले असते."

पुढे काहीतरी उलट येईल म्हणून ओंकार थांबला. "आणि?"

"आणि काय? खेळलेच ते. बाहेर बसलं की जागा जायची, कधीकधी जागेबरोबर ऑफिसातली नोकरी. दुखतंय म्हणायची सोय नव्हती. त्यांच्या धावा तुला पाठ आहेत. साठीला ते कठडा धरून आपल्या हॉस्पिटलचा जिना चढायचे, ते मी बघितलंय."

"म्हणजे आताचेच बरे ना?"

"आज मी वाद घालत नाही, ओंकार. रविवारी जाऊ नकोस."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. शेजारच्या खाटेवरून सावंत काका हळू आवाजात म्हणाले, "अरे ऐक रे बाबा. मॅडम भांडत नाहीत आज."

तो गेला नाही. त्याच्या जागी दुसऱ्याची निवड झाली, तो चांगला खेळला, आणि पुढच्या हंगामात जागाच उरली नाही. ओंकारने उरलेले व्यायाम दुसरीकडे केले. मॅडम त्याबद्दल माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. मात्र त्याच्या वेळेला बरेच दिवस त्यांनी दुसरा पेशंट घेतला नव्हता.

मॅडम मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. गेल्या महिन्यात दादरच्या मैदानावर मला ओंकार दिसला. आता तो नोकरी करतो आणि रविवारी ऑफिसच्या संघाकडून खेळतो. बाद होऊन आल्यावर त्याने ओळख दिली. म्हणाला, "तुमच्या मॅडमनी माझं वर्ष घालवलं. नाहीतर आज कुठे असतो मी!"

घरी येऊन मी मॅडमना फोन केला आणि जसंच्या तसं सांगितलं.

"घालवलंच," त्या म्हणाल्या. "दुसरी धाव घेताना वळतो कुठल्या पायावर?"

"उजव्या."

"बिचकतो?"

"नाही, मॅडम. अजिबात नाही."

मी म्हणाले, "मी त्याला भेटून नीट समजावून सांगू का?"

"नको," मॅडम म्हणाल्या. "राग राहू दे त्याचा."