पोपटीच्या मडक्याला मी माती लावली

ये गो, अशी इकडे सरक. उंबऱ्यावर बसू नकोस पाहुणीसारखी. आता तू म्हणशील, मी कुठं आलेय तुझ्याकडे, मी तर पेणला माझ्या घरात आहे. तेच तर! पेण ते रोहा म्हणजे काय काशीयात्रा आहे का? मध्ये एक नागोठणं, तेवढं ओलांडलं की आलंच आमचं. सख्खी धाकटी बहीण तू माझी, आणि फोनवर ‘बरी आहेस ना, बरी आहेस ना’ करून दोन वर्षं काढलीस. बरी नाय मी. दमलेय. म्हणून तर लिहायला बसले. फोनवर तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि तू ‘ठेवते गो’ म्हणतेस. कागद तसा मध्येच ठेवून जात नाय.

शाळा माझी चौथीपर्यंतची, तुला ठाऊकच आहे. पुढचं वाचायला शिकले ते वाण्याच्या पुड्या उलगडून. तेव्हा काना-मात्रा सांभाळून घे.

ह्यांना अर्धांग झालं त्याला आता तिसरं वर्ष. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात, बोलणं जरा जड झालंय पण कळतं. माझा दिवस पाचला सुरू होतो. आधी चादर धुवायची, मग पाणी तापवायचं, मग गोळ्या, मग तो रबरी चेंडू त्यांच्या मुठीत द्यायचा आणि ‘दाबा, दाबा’ म्हणत बसायचं. ते दाबत नाहीत. खिडकीतून बाहेर बघत बसतात. मग चहा, मग पुन्हा गोळ्या. दुपारी वालाचं बिरडं सोलायला घेते तर सोलता सोलता बसल्या जागी डोळा लागतो. परवा जागी झाले तर अर्ध्या डाळिंब्या साली काढून परत सालींच्याच ढिगात टाकलेल्या. अशी गत. मुलगा कंपनीत आहे, त्याच्या शिफ्टा. सून अंगणवाडीत. त्यांची काही तक्रार नाय माझी, पण चोवीस तासांतले वीस तास ह्यांच्याजवळ मीच.

त्याचं पण एक वेळ चालतं. जास्त जड जातं ते वेगळंच. हे घराबाहेर पडत नाहीत. म्हणजे पाय चालत नाय म्हणून नव्हे. काठी घेऊन अंगणापर्यंत जाता येतं, डॉक्टर पण म्हणाले चालवा. पण पहिल्याच वर्षी एकदा मी पडवीत ह्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होते आणि गावातले एक गृहस्थ बघायला आलेले. ते म्हणाले, ‘अरेरे, अगदी लहान मूल झालं हो!’ वाईट मनानं नाय म्हणाले. पण त्या दिवसापासून फाटकाची कडी वाजली की हे उठून आतल्या खोलीत जातात. आणि खरं सांगू, तू आलेलीस ना तेव्हा, पदर तोंडाला लावून ह्यांच्यासमोरच रडायला लागलीस. मग पुन्हा आली नाहीस. ह्यांनी त्याचा काय अर्थ लावला असेल, तूच बघ.

आठवतंय का तुला, पूर्वी भात कापून झालं की हे घरात सापडायचे का? वाल पेरला की सकाळ-संध्याकाळ शेतावर. कधी आपल्या दोघींची पोरं घेऊन कोलाडच्या पुढे नदीवर, कधी डोंगराला करवंदांना. आणि पौष लागला की शेतात मडकं पेटवून वालाच्या शेंगांची पोपटी. आख्ख्या आळीत मडकं भरावं तर ह्यांनीच, असं होतं. त्या माणसाला आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेलं बघते ना मी, तेव्हा चादरी धुण्याचे श्रम काहीच वाटत नाहीत.

म्हणून मी एक खूळ काढलं. दिवाळीत मुलानं निळ्या चौकड्यांचा कपडा आणलेला, त्याचा ह्यांच्यासाठी सदरा शिवायला घेतला. बटणांच्या जागी नातीच्या जुन्या दप्तराची ती चर्रर्र करून उघडते ना, ती पट्टी उसवून लावली. एका हातानं नुसतं दाबलं की बंद. मशीनवर पाय चालत नाहीत माझे, हातानंच शिवला. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. सुई ओवायला नात लागायची. ती शाळेतून आली की पाच-सहा सुया एकदम ओवून उशीला टोचून ठेवायची आणि म्हणायची, ‘आजी, हा तुझा उद्याचा कोटा.’ दीड महिना लागला. सगळ्या जन्मात माणसांना काय काय करून दिलं आपण. तुझ्या बाळंतपणाला दुपटी, पोरांना शाडूची पाखरं, सुनेला मण्यांची पिशवी. पण एवढं मन लावून मी काहीच केलं नव्हतं.

संक्रांतीला दिला ह्यांच्या हातात. ह्यांनी उलटासुलटा केला, ती पट्टी एकदा चर्रर्र करून उघडली.

‘हे काय? झबलं?’

‘सदरा हाय. तुमचा तुम्हाला घालता येईल.’

‘मी काय बाळ हाय झबलं घालायला? ठेव जा. बारशाला ने कुणाच्या.’

मी तो उचलला, खुंटीवर अडकवला आणि भांडी घासायला बसले. त्या दिवशी भांडी फार लख्ख निघाली, सून म्हणाली.

पुढच्या रविवारी नात हटून बसली. पोपटी लावायचीच. दोन वर्षं लावली नव्हती. मुलाला रात्रपाळी होती, तेव्हा चारलाच पेटवायची असं ठरलं. मी ह्यांना विचारलं, ‘येता का? मागच्याच तर शेतात. पन्नास पावलं.’

‘मला काय तमाशा करायचाय?’

‘मग बसा भिंतीकडे बघत,’ मी म्हणाले. असं मी कधी बोलत नाय ग. पण तोंडातून गेलं. शेजारच्या चुलत जावेला ह्यांच्याजवळ बसवलं आणि गेले.

किती महिन्यांनी शेतात पाय टाकला असेल मी! घराच्या मागेच तर आहे, पण मागच्या दाराला गेले तरी माझे कान आतल्या खोकल्याकडे. त्या दिवशी बांधावर उभी राहिले आणि नुसती उभीच राहिले. वाल कसा दाटलेला, पांढरी फुलं अजून शेंड्याला आणि खाली शेंगांचे झुबके. पोपटांचा थवा आला नि आमच्यावरच ओरडला, जसं काय शेत त्यांच्या बापाचं. कालव्याच्या तारेवर खंड्या बसलेला. वाऱ्याला भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास. तो वास आला ना, की मला आपलं पोट भरल्यासारखं वाटतं. मी ढेकळावर बसले. गुडघे दुखत होते, कंबर दुखत होती, पण डोकं जरा मोकळं झालं. नात शेजारी बसून शाडूचं पाखरू करत होती. तू पाठवलेल्या गोळ्यातलाच शाडू हो तो, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला.

आता मडकं भरायचं. इथं पंचाईत. इतकी वर्षं संसार झाला पण मडकं मी कधी भरलं नाही, ते हेच भरायचे, आम्ही बायका शेंगा खुडायचो आणि खायला बसायचो. बघून ठाऊक होतं तेवढंच. खाली भांबुर्डा, वर शेंगा, मीठ, ओवा, मध्ये अंडी नि कणगरांचे कंद, पुन्हा शेंगा, आणि तोंडाला भांबुर्ड्याचा घट्ट बोळा. मग मडकं उलटं ठेवायचं नि भोवती पेंढा, गोवऱ्या. पाण्याचा थेंब नाय घालायचा. सगळं केलं. पण मुलानं भांबुर्डा आणला मूठभर. रस्ता रुंद करताना कडेचं सगळं झाडझुडूप खरवडून काढलंय, मिळालाच नाय त्याला. बोळा सैल बसला, बाजूला बोटभर फट.

आणि तुझी बहीण काय करेल सांग? आपल्या बापाच्या कारखान्यात लहानपणापासून काय केलं आपण? गणपतीला फट दिसली की माती लाव, तडा दिसला की माती लाव, वरनं ओल्या बोटानं गुळगुळीत कर. माझा हात डोक्याला न विचारता चालला. नातीच्या पुढ्यातला शाडूचा गोळा घेतला आणि मडक्याचं तोंड असं लिंपलं, असं लिंपलं, की मुंगी आत जाणार नाय. मुलगा म्हणाला पण, ‘आई, बाबा कुठं माती लावायचे?’

मी म्हटलं, ‘तू गप. पेणची हाय मी.’

पेटवली. आम्ही सगळी पलीकडच्या वाफ्यात शेंगा खुडायला गेलो, देवानंच बुद्धी दिली. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील आणि धडाम्! आवाज असा झाला की पोपट जे उडाले ते थेट नदीपार. वाफ जायला वाट नको का? मडक्याच्या ठिकऱ्या, शेंगा राखेत, अंडी कुठल्या कुठं. नातीचं पाखरू पेंढ्याखाली. ती आधी घाबरली आणि मग पोट धरून हसायला लागली. मी मात्र ढेकळावर फतकल मारली नि मला रडू यायला लागलं. मडक्यासाठी नाय ग. वाटलं, आता एवढं पण जमत नाय आपल्याला.

तेवढ्यात सून म्हणाली, ‘आई, ते बघा.’

बघते तर मागच्या दारातून हे. काठी डाव्या हातात, पाय ओढत, नांगरटीच्या ढेकळांतून. मागे जाऊ ह्यांची चप्पल हातात घेऊन ओरडतेय, ‘अहो भाऊजी, थांबा, पडाल!’ हे थांबतात कसले. आणि अंगावर तो निळा सदरा. पट्ट्या वाकड्या लागलेल्या, एक खालची वर. जाऊ नंतर सांगत होती, आवाज झाला तसे उठले, ती बाहेर बघायला गेली तेवढ्यात खुंटीवरून ओढून स्वतःच घातला. तिला हात लावू दिला नाही.

आवाज ऐकून आळीतली आठ-दहा माणसं पण बांधावर जमलेली. ते पहिल्या वर्षाचे गृहस्थ सुद्धा. ह्यांनी कुणाकडे बघितलं नाही. माझ्यासमोर येऊन उभे राहिले, धापा टाकत.

‘लागलं काय?’

‘नाय.’

‘मग रडतेस कशाला?’

मी ठिकरी दाखवली. ह्यांनी काठी मुलाकडे दिली, ठिकरी डाव्या हातात घेतली, उलटी केली, कडेचा भाजलेला शाडू अंगठ्याच्या नखानं खरवडला. मग माझ्याकडे बघितलं.

‘गणपतीवाल्याची पोर,’ म्हणाले. ‘पोपटीचं विसर्जन केलंस.’

सगळा बांध हसला. मी पण हसले, डोळे पुसत. आणि मग हे तिथंच बांधावर बसले, मुलानं गोणपाट टाकलं त्यावर. घरातून तेलाचा रिकामा डबा मागवला. ‘शेंगा दाबू नको रे, वारा खेळू दे. कणगरं खाली. मीठ वर नको, मध्ये.’ जड जिभेनं, अडखळत, पण हुकूम चालू. भांबुर्डा कमी आहे म्हटल्यावर म्हणाले, कालव्याच्या पलीकडे बघा, तिथं असतो. होता. घरात दोन वर्षं बसून ह्यांना ठाऊक.

अंधार पडायच्या आत दुसरी पोपटी निघाली. शिजलं का ते कळायला डब्यावर पाणी शिंपडलं की चर्र व्हायला हवं, ते शिंपडायचं काम नातीला दिलं. शेंगा खाताना ह्यांच्या हनुवटीवर ओघळ आला. मी पुसायला पदर पुढे केला तर त्यांनी डाव्या हाताच्या बाहीनं स्वतःच पुसला. ते गृहस्थ म्हणाले, ‘यंदा मीठ बरोब्बर.’

आता तुला वाटेल, ह्यानंतर सगळं छान झालं. तसं नाय ग. दुसऱ्या दिवशी हे अंग धरून पडले, पाय सुजला. मला पण उठवेना. चादर धुवायची ती धुतलीच. चेंडू अजूनही दाबत नाहीत. पाच दिवसांतले तीन दिवस भिंतीकडेच तोंड. पण दोन दिवस चारच्या सुमारास काठी घेतात आणि बांधावर जाऊन बसतात. कुणी रस्त्यानं हाक मारली तर काठी वर करतात. सदऱ्याचं कौतुक अजून केलं नाही, पण परवा म्हणाले, ‘दुसरा शिव. हा धुवायला टाकला की काय घालू?’ आता सांग, दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू तसाच ठेवून मी कशी शिवू?

काल सहज म्हटलं, ‘पेणहून बहिणीला बोलावू का?’ मला वाटलं, नको म्हणतील. तर म्हणाले, ‘बोलव. पण रडायचं नाय म्हणावं. मी बाहेरच बसेन.’

हे ऐकून मी पहिल्यांदा काय केलं असेल तर हा कागद घेतला. ह्यांचं मन आज आहे, आठ दिवसांनी असेल का, मला सांगता येत नाही. दुखणं वाढलं, कुणी काही बोललं, की पुन्हा आत जातील. आणि मी पण किती पुरणार? तुझ्याजवळ एक दिवस नुसतं बसायचंय मला, कुणाला गोळी न देता.

तेव्हा ह्या रविवारी ये. सकाळची एसटी धर, नाक्यावर मुलगा घ्यायला येईल. पोह्याचे पापड आणू नकोस, काही आणू नकोस, हात हलवत ये. फाटकातून आलीस की ह्यांच्याकडे बघून आधी हस, मग माझ्याकडे ये. लवकर ये गो.